परतीची गाडी

गेले चौदा महिने माझे विकांत कुठे गेले असं दोन-तीन मित्रांनी विचारलंय. उत्तर देतो. हापिसातून आल्यावर रात्री साडेनऊ ते साडेबारा, शिवाय शनिवार-रविवार, असा एकट्याने बसून मी प्रवासाचा बेत आखणारं एक अ‍ॅप बनवत होतो. ते एकदाचं बाजारात आलं. आणि आल्यावर सातव्या आठवड्यात माझ्यामुळे एक बाई आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा डोंगरातल्या एका गावात रात्रभर अडकले. खरं म्हणजे लिहायचंय ते ह्याबद्दल, पण क्रमाने सांगतो.

मला गाडी नाही. पुण्यात आयटीत काम करून चारचाकी न घेतलेला माणूस म्हणजे लोकांना काहीतरी घोटाळा वाटतो, पण खरंच घ्यावीशी वाटली नाही. किल्ले, कोकण, जे काही फिरलो ते एसटीने, नाहीतर लोकलने लोणावळ्यापर्यंत आणि पुढे पायी. आता दर गुरुवारी आमच्या ग्रुपवर जो संवाद होतो तो तुमच्याही ग्रुपवर होत असणार. "ह्या शनिवारी कुठे?" "बघू." "कोण कोण येतंय?" मग दोन अंगठे, आणि शुक्रवारी रात्री अकराला बेत रद्द. सगळी अ‍ॅपं विचारतात की तुम्हाला कुठे जायचंय. अरे, तेच तर माहीत नाहीये! माझा प्रश्न असा असतो: शनिवारी सकाळी सहाला मी स्वारगेटला उभा आहे, रविवारी रात्री दहाच्या आत परत यायचंय, खिशात दीड हजार आहेत. ह्यात मी कुठे कुठे जाऊन येऊ शकतो?

हा प्रश्न सोडवायला काही फार मोठी अक्कल लागत नाही. गावं म्हणजे ठिपके, गाड्या म्हणजे रेघा, आणि त्यातून जवळचा रस्ता शोधायची डायक्स्ट्राची रीत आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घोकली होती. हा डच माणूस १९५६ साली होणाऱ्या बायकोबरोबर अ‍ॅमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमला, कॉफी प्यायला बसला आणि वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, ती रीत त्याने डोक्यात तयार केली. छापली १९५९ साली. मला वीस मिनिटांत अ‍ॅपचं नाव सुचलं, तेही कुणीतरी आधीच घेतलेलं निघालं. (शेवटी जे ठेवलं ते सांगत नाही, जाहिरात वाटेल.)

पण सरळ रीत एसटीला चालत नाही. रस्ता कधीही तिथेच असतो, गाडी नसते. सकाळी नऊला गावात पोचलात आणि परतीची गाडी साडेआठलाच गेली असेल तर ते 'जवळचं' गाव एका दिवसाने लांब झालं. म्हणून मी सगळं उलटं केलं. आधी रविवारी रात्री दहाला पुण्यात उभं राहायचं आणि तिथून मागे मागे यायचं. दहाच्या आत पोचवणारी गाडी कुठली, ती पकडायला तालुक्याला कितीला यायला हवं, त्यासाठी गावातून शेवटची कुठली. कुठल्याही सहलीचा सगळा बेत त्या एका परतीच्या गाडीला टांगलेला असतो. हे कळलं त्या रात्री मी जाम खूष होतो. दीड वाजता एकट्याने मॅगी करून खाल्ली.

खरी मजा माहिती गोळा करताना आली. जगभरातल्या गाड्यांची वेळापत्रकं लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, जीटीएफएस म्हणतात तिला. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल ह्यांनी मिळून २००५ च्या सुमारास ती काढली. साध्या मजकुराच्या फायली, बास. तिच्यातली एक गंमत मला फार आवडते. तिथे दिवस चोवीस तासांचा नसतो. रात्री अकराला स्वारगेटहून सुटलेली गाडी सकाळी सहाला रत्नागिरीला पोचत असेल तर पोचायची वेळ ३०:०० लिहायची. मी शहाणपणा करून ०६:०० लिहिलं आणि माझ्या गाड्या सुटण्याआधी सतरा तास पोचायला लागल्या. एवढी वक्तशीर सेवा अजून कुणी दिली नसेल.

आडगावच्या गाड्यांची अशी तयार फाईल माझ्या हाती नव्हती. मग काय, पाठीला सॅक लावून डेपो हिंडायला लागलो. स्थानकातल्या भिंतीवरच्या वेळापत्रकाचे फोटो काढायचे, घरी येऊन टाईप करायचे. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला विचारायचं. सांगायचे हो लोक, पण आधी दोन मिनिटं मला नीट निरखून घ्यायचे. एकाने विचारलं, "परीक्षेला बसलाय का?" ह्या हिंडण्यात मला मुक्कामी गाडी नावाचा प्रकार नव्याने कळला. संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, पहाटे तीच गाडी लोकांना घेऊन तालुक्याला येते. म्हणजे संध्याकाळची गाडी आली नाही तर पहाटेचीही नाही. ह्या दोन वेळा माझ्या तक्त्यात दोन वेगळ्या ओळी होत्या. प्रत्यक्षात ती एकच गाडी.

नावांचा गोंधळ वेगळाच. वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते मोजायचं मी सोडून दिलं. बुद्रुक आणि खुर्द शेजारीशेजारी असतात आणि गाडी नेमकी एकातच जाते. हर्णै कुणी हर्णे लिहितं, कुणी हरणई. पुण्यातलं शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीला वाकडेवाडीला गेलं, पण पब्लिक अजून त्याला शिवाजीनगरच म्हणतं. बाहेरगावचा माणूस त्या नावाला भुलून नको तिथे उतरेल की नाही? दाभोळच्या खाडीवर फेरी बोट आहे, पलीकडे धोपावे, तिथून गुहागर. ती बोट ओळ म्हणून टाकली नाही तर माझं अ‍ॅप माणसाला दापोलीहून खेड-चिपळूणचा वळसा घालून गुहागरला नेत होतं.

डिझाईनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की लाज वाटते. उघडताना डोंगरामागून एसटी येते असं एक चलच्चित्र मी केलं. त्यात तीन आठवडे गेले. मराठी अक्षरांची वेलांटी बटणात वरून कापली जात होती, ते मात्र रास्त काम होतं. बहुतेक सगळी बटणं इंग्रजीच्या उंचीची बेतलेली असतात, आपल्या अक्षरांना वर-खाली दोन्हीकडे जागा लागते. मग आईला दाखवलं. तिने डोंगर बघितला, एसटी बघितली आणि म्हणाली, "छान आहे रे. पण परतीची गाडी कितीला आहे ते कुठे दिसतं?" ते तिसऱ्या पानावर होतं. ज्या गोष्टीवर सगळं गणित उभं केलं होतं तीच मी तिसऱ्या पानावर टाकली होती. त्या रात्री ती सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात घेतली. पुढच्या वेळी तिचा आक्षेप होता, "माझं अर्धं तिकीट कुठाय?" एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे आणि मी सगळ्यांना पूर्ण भाडं लावून ठेवलं होतं. हापिसात आमच्याकडे ह्या कामाला चार माणसांची टीम आहे.

आणखी एक केलं होतं, तेही सांगून टाकतो. बेताच्या पानावर खाली एक ओळ होती: 'निघण्यापूर्वी वेळांची स्थानकात खात्री करून घ्यावी.' ती त्या सुंदर पानावर फार विद्रूप दिसत होती. मी ती उचलून सेटिंग्ज, त्यात 'आमच्याविषयी', त्यात चौथ्या परिच्छेदात नेऊन ठेवली.

बाजारात आणणं हा एक कौटुंबिक सोहळा झाला. गूगलच्या दुकानात नवीन वैयक्तिक खातं उघडलं (२५ डॉलर, एकदाच) की अ‍ॅप थेट लोकांपुढे ठेवता येत नाही. आधी चाचणी करणारी माणसं लागतात आणि त्यांनी सलग चौदा दिवस टिकावं लागतं. २०२३ मध्ये हा नियम आला तेव्हा वीस माणसं लागायची, २०२४ च्या डिसेंबरात ती बारा झाली. बारा! लग्नाला बाराशे जमतात हो, पण स्वतःच्या जीमेलचा पत्ता माहीत असलेले बारा नातेवाईक जमवून बघा. मामाला स्वतःचा पत्ता माहीत नव्हता. आत्या रोज रात्री इमाने इतबारे अ‍ॅप उघडायची, काय करायचं ते न कळून बंद करायची. अकराव्या दिवशी एका मावसभावाने फोनची साफसफाई करताना चाचणीतूनच अंग काढून घेतलं. आम्ही अकरा उरलो आणि ज्याची भीती होती तेच झालं, पुन्हा माणसं जमवणं आलं. मावसभावाशी अजून नीट बोलत नाही.

शेवटी मंजुरी आली. पहिल्या आठवड्यात सदतीस जणांनी अ‍ॅप घेतलं, त्यातले बावीस ओळखीचे. सहाव्या आठवड्यात कुणीतरी ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि आकडा नऊशेच्या वर गेला. मी मीटिंगमध्ये टेबलाखाली आकडा बघायचो. आणि सातव्या आठवड्यात सोमवारी दुपारी ती मेल आली. जशीच्या तशी देत नाही, पण आशय असा होता. तुमच्या अ‍ॅपमध्ये रविवारी संध्याकाळची सव्वापाचची गाडी दाखवली होती. आम्ही साडेचारपासून थांब्यावर उभे होतो. सात वाजता समोरच्या घरातल्या आजींनी आत बोलावलं, जेवायला घातलं, रात्री ठेवून घेतलं. सकाळी आठच्या गाडीने निघालो. मुलाची शाळा बुडाली, माझी रजा गेली. कृपया तपासून माहिती टाकत जा.

एकही शिवी नाही. शेवटी 'कृपया'.

मी ताबडतोब फोटो शोधला. आमच्या तालुक्याच्या स्थानकातला, मीच काढलेला. वेळापत्रकात सव्वापाच आहे, पुढे एक फुली आहे. फुली म्हणजे काय ते खालच्या ओळीत लिहिलेलं असणार, आणि ती ओळ एका काकांच्या टोपीमागे गेलेली. फोटो काढताना मला घाई होती, माझी स्वतःची परतीची गाडी लागली होती. संध्याकाळी फोन करून विचारलं. तिकडच्या माणसाने एका वाक्यात सांगितलं, "शाळेच्या पोरांची गाडी आहे ती, रविवारी नसते." त्यांच्या भिंतीवर सगळं बरोबर लिहिलेलं होतं. चूक माझ्याच तक्त्यात होती.

हापिसात अशी चूक झाली की तिला नंबर मिळतो, कुणीतरी ती बंद करतं, शुक्रवारी आपण पिझ्झा खातो. ग्राहक कुठल्या देशात आहे तेसुद्धा कधी कधी माहीत नसतं. इथे मला ते सगळं दिसत होतं. थांब्याची शेड, साडेपाच, सहा, उन्हं उतरलेली, पोरगं विचारतंय की गाडी कधी येणार, आणि आई फोन काढून पुन्हा पुन्हा माझं ते सुंदर पान बघतेय. आजी नसत्या तर? रात्रभर तो 'तर' डोक्यात फिरत राहिला.

रूममेट म्हणाला, "पहिल्याच पानावर सूचना टाक आणि मोकळा हो ना, सगळे तेच करतात." सूचना मी परत आणली, पण मोकळं वाटेना. त्या बाईंनी सूचना वाचली असती तरी गाडी मला विचारूनच पकडली असती, कारण विचारायची सोय म्हणूनच मी हे बनवलं होतं. मग पुढचा शनिवार-रविवार एक एक वेळ घेऊन बसलो. एकूण एक हजार एकशे चाळीस वेळा होत्या. फोटोत पूर्ण ओळ दिसतेय किंवा फोनवर खात्री केलीय अशा चारशे बारा निघाल्या. बाकीच्या काढून टाकल्या. नव्वदेक गावं होती, एकतीस उरली. ज्या उरल्या त्यांच्यापुढे शेवटची खात्री कधी केली ती तारीख येते, आणि साठ दिवस उलटले की ती ओळ बेतात धरलीच जात नाही. शिवाय शेवटच्या गाडीवर आता बेत बांधत नाही, शेवटून दुसऱ्या गाडीवर बांधतो. दिवसाला एकच परतीची गाडी असेल तर अ‍ॅप सरळ सांगतं की मुक्कामाच्या तयारीने जा. लोक चिडले. 'आधी जास्त गावं होती, आता भंगार झालंय', एक तारा. बरोबर आहे त्याचं. आठवड्याला वीस-पंचवीस फोन करून एकट्याने किती गावं सांभाळणार? एकतीसचीच दमछाक होतेय, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पुन्हा सगळं बदलतं.

त्या बाईंना मी लांबलचक माफीची मेल लिहिली, पुसली, चार ओळींची पाठवली. फुलीचं आणि टोपीचं खरं काय ते लिहिलं. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी आलं. त्यात फक्त त्या आजींच्या मुलाचा फोन नंबर होता, आणि लिहिलं होतं की त्यांना विचारूनच देतेय, थांबा त्यांच्या अंगणासमोर आहे, गाडी आली-गेली ते त्यांना घरात बसून कळतं.

दर पंधरा दिवसांनी मी तिथे फोन करतो. मुलगा शेतावर असला तर फोन आजींकडे असतो. गाडीचं एका वाक्यात सांगून होतं, मग पाऊस, गुडघे आणि माझं लग्न ह्यांवर दहा मिनिटं जातात. मागच्या खेपेला म्हणाल्या की सव्वापाचची आता पाचलाच येते, चार दिवस झाले. मी वेळ बदलली, तारीख टाकली. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने तिकडे जाणार आहे. जाताना तालुक्याला उतरून त्या भिंतीचा पूर्ण फोटो घ्यायचाय. रविवारी परतीची गाडी नाही, त्यामुळे सोमवारची रजा टाकली आहे.