हेगमधील जावा

नेदरलँड्समधील हेग हे शहर आपल्याकडे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे गाव म्हणून परिचित आहे. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला मीही त्याची ओळख वर्षानुवर्षे तशीच करून देत आलो. परंतु खुद्द डच लोकांनी या शहराला एक वेगळेच नाव ठेवले आहे: ‘इंडीजची विधवा’. पूर्वेकडील बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, डच सत्ता होती त्या काळी तेथे चाकरी करून परतलेले अधिकारी, मळ्यांचे मालक आणि लष्करी पेशाचे लोक येथे घरे बांधून राहत. 17 ऑगस्ट 1945 रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले. चार वर्षांच्या रक्तपातानंतर 27 डिसेंबर 1949 रोजी डच सरकारने ते मान्य केले. साम्राज्य गेले, शहर मागे राहिले. जावा, सुमात्रा, बाली, सेलेबिस ही नावे तेथील रस्त्यांच्या पाट्यांवर आजही वाचायला मिळतात.

गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही उभयता डेल्फ्ट येथे मुलीकडे महिनाभर राहिलो. तेथून ट्रामने हेग फार दूर नाही. “बाबा, आज तुम्हांला आपल्याकडच्यासारखे जेवण मिळेल,” असे म्हणून एका दुपारी ती आम्हांला तेथील एका तोकोत घेऊन गेली. तोको हा शब्द मलाय भाषेतील असून त्याचा अर्थ नुसता ‘दुकान’ असा आहे. डच भाषेत मात्र तो इंडोनेशियन वाणसामान व शिजविलेले अन्न विकणाऱ्या छोट्या दुकानासाठी रूढ झाला आहे. पुढच्या भागात मांडण्या, मागे स्वयंपाकघर, मध्ये तीनचार टेबले, असे त्याचे रूप.

आत पाऊल टाकताच जो वास आला तो फोंड्यातील एखाद्या जुन्या स्वयंपाकघरातला म्हणून खपला असता. मांडणीवर चिंचेचे गोळे होते, खोबऱ्याचा कीस होता, हळकुंडे होती, गवती चहाच्या जुड्या होत्या. एका पिशवीत नारळाच्या अर्ध्या करवंटीच्या आकाराच्या तपकिरी ढेपा होत्या. मुलीने एक हातात दिली. हुंगून पाहिली, तर आपला माडाचा गूळ! गोव्यात त्याचे काळे सुळके करतात, जावात करवंटीत किंवा बांबूच्या नळीत ओततात, एवढाच भेद. काचेच्या पेटीत ‘लापिस लेगित’ नावाचा गोड पदार्थ होता. अंड्याच्या बलकाचे, लोण्याचे आणि मसाल्याचे पीठ एकावर एक थर देत, प्रत्येक थर वेगळा भाजत तो करतात. गोव्याच्या वाचकांना त्याचे आणखी वर्णन करण्याचे कारण नाही. बेबिंकेचा तो सख्खा भाऊ शोभावा.

शब्दांचेही तसेच. इंडोनेशियन भाषेत टेबलाला ‘मेजा’ म्हणतात आणि खिडकीला ‘जेंदेला’. आपल्या मेज आणि जनेल या शब्दांप्रमाणे तेही पोर्तुगीजांचेच देणे. 1511 मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने मलाक्का जिंकले आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीज गलबते जायफळाच्या बांदा बेटांपर्यंत पोहोचली. माल तिकडून इकडे आला, तसे शब्दही फिरले.

गुरुवार असल्याने मी सामिष पदार्थ वर्ज्य केले. मालकीणबाईंनी विचारपूस करून मला पान वाढले. त्यात साधा भात, नारळाच्या दुधातली भाजी, शेंगदाण्याच्या दाट रसात घोळविलेल्या उकडलेल्या भाज्यांचे गादो-गादो, भाजक्या खोबऱ्याचे सेरुंदेंग आणि गुळाच्या पाकात परतलेल्या तेंपेच्या काड्या होत्या. तेंपे हा जावाचा खास जिन्नस. सोयाबीन शिजवून त्यावर एक प्रकारची बुरशी धरवितात. दोन दिवसांत पांढऱ्या तंतूंनी दाणे एकमेकांना घट्ट बिलगतात आणि त्याची वडी कापता येते. पूर्वापार ती केळीच्या किंवा सागाच्या पानात बांधून करीत आले आहेत. गरिबाच्या ताटातले पौष्टिक अन्न ते हेच. ‘सांबाल’ ही लाल मिरचीची चटणी मात्र बाईंनी माझ्या पानापासून दूर ठेवली. तिच्यात ‘तेरासी’, म्हणजे आंबवून वाळविलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, भाजून घातलेला असतो. पावसाळ्यात आपल्या घरी सुकी सुंगटे भाजताना जो वास माजघरभर पसरतो, तोच तिच्या वाटीतून येत होता. माझा गुरुवार टिकला, पण मोठ्या कष्टाने.

शेजारच्या टेबलाशी एक वृद्ध बाई एकट्याच जेवत होत्या. वर्ण गव्हाळ, डोळे निळसर. आमचे मराठी बोलणे ऐकून त्यांनी इंग्रजीत चौकशी केली आणि मग आपण होऊन सांगू लागल्या. जन्म सुराबाया शहरातला. वडील डच वंशाचे, आजी जावानीज. वयाच्या नवव्या वर्षी, 1955 च्या हिवाळ्यात, बोटीने या देशात आल्या. ‘मायदेशी परत’ असे कागदोपत्री लिहिले होते, पण घरातल्या एकानेही हा मायदेश पूर्वी पाहिला नव्हता.

अशा मिश्र वंशाच्या व डच वंशाच्या सुमारे तीन लाख लोकांनी 1945 नंतरच्या वीस वर्षांत इंडोनेशिया सोडला. सरकारने त्यांतील पुष्कळांची सोय कराराने घेतलेल्या खाणावळींत केली. एका खोलीत एक कुटुंब, जेवण मालकाचे, म्हणजे उकडलेले बटाटे, उकडलेल्या भाज्या आणि वर पातळसा रस. खोलीत चूल पेटविण्यास मनाई. इकडच्या रीतीचा स्वयंपाक व घरकाम शिकविणारे वर्गही या स्त्रियांसाठी चालत. त्या बाई म्हणाल्या, “माझी आई रात्री मेणबत्तीएवढ्या स्टोव्हवर मूठभर तांदूळ शिजवायची आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायची. आम्ही भावंडे तो भात काळोखात खात असू. इतका चांगला भात मी पुन्हा कधी खाल्ला नाही.” त्या हसत होत्या, माझ्या पत्नीने मात्र चमचा खाली ठेवला.

या लोकांच्या आठवणीचे मूळ आणखी मागे, जपानी अमलात आहे. 1942 ते 1945 या काळात जपान्यांनी सुमारे एक लाख डच नागरिकांना छावण्यांत डांबले. तेथे भुकेने व्याकूळ झालेल्या बायका संध्याकाळी एकत्र बसून पाककृती सांगत आणि मिळेल त्या कागदाच्या तुकड्यावर लिहून ठेवीत. किती अंडी, किती लोणी, नारळाचे दूध कधी घालायचे, याचा काथ्याकूट चाले आणि ताटलीत मात्र पेजेसारखे काहीतरी असे. अशा वह्या पुढे संग्रहालयांत जपल्या गेल्या. छावणीबाहेर जावातील लक्षावधी शेतकरीही त्याच काळात अन्नावाचून मेले. त्यांच्या वह्या नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हेगमधील प्रत्येक आठवण सारखीच निर्मळ आहे असे नाही. डच उपाहारगृहांत ‘रैस्टाफल’ म्हणून एक थाट असतो. नावाचा अर्थ भाताचे टेबल. मध्ये भात आणि भोवती पंधरावीस वाट्या. मळेवाल्या साहेबांच्या काळातली ही मेजवानी. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या, ‘हॉटेल देझ अँद’मध्ये सेवकांची लांब रांग एकेक पदार्थ हाती घेऊन पाहुण्यासमोरून जात असे. हे हॉटेल 1971 मध्ये पाडले गेले आणि स्वतंत्र इंडोनेशियाने हा थाटही फारसा जपला नाही. हॉलंडात तो टिकला. ‘तेंपो दुलू’, म्हणजे ‘ते जुने दिवस’, असे म्हणून उसासा टाकणाऱ्याला खुर्चीत बसलेला पाहुणा आठवतो. वाटी घेऊन उभा असलेला सेवक आणि मागे चुलीपाशी घामाघूम झालेली स्वयंपाकीण आठवत नाही. आपल्या गोव्यातही 1961 पूर्वीच्या दिवसांविषयी असे उसासे अधूनमधून ऐकू येतात. तेव्हा आठवणीला विचारावे: बाई गं, तू त्या घरात दिवाणखान्यात होतीस की पडवीवर?

आणि सर्वांत विपरीत कथा मोलुक्कन लोकांची. लवंग आणि जायफळ जगाला ज्या बेटांनी दिले ती हीच मोलुक्का. या मसाल्यासाठी पोर्तुगीज आले, मागून डच आले. 1621 मध्ये डचांनी बांदा बेटांवरील जवळजवळ सर्व रहिवासी मारले, पळविले किंवा गुलाम केले. तीन शतकांनंतर याच बेटांतील तरुण डच सैन्यात होते. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर त्यांची स्थिती अवघड झाली आणि 1951 मध्ये सुमारे 12,500 मोलुक्कन, सैनिक आणि त्यांची बायकामुले, ‘तात्पुरते’ म्हणून हॉलंडात आणले गेले. उतरताच सैनिकांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. निवारा मिळाला तो छावण्यांत. त्यांतील एक वेस्टरबोर्क, जेथून महायुद्धात ज्यूंना मृत्यूकडे धाडले गेले होते. सामायिक स्वयंपाकघरातून डच पद्धतीचे जेवण येई. 1956 नंतर ‘आपले आपण पाहा’ असे धोरण आले, तेव्हा कुठे घरोघर स्वतःच्या चुली पेटल्या. ज्यांच्या झाडांवरच्या मसाल्यासाठी युरोपने समुद्र ओलांडले, त्यांच्याच ताटात युरोपने अळणी बटाटा वाढला! ते ‘तात्पुरते’ अद्याप संपलेले नाही. त्यांची नातवंडे-पतवंडे तेथेच नांदत आहेत.

या सर्व विखुरलेल्या लोकांना एकत्र आणणारी एक जत्रा हेगमध्ये 1959 मध्ये सुरू झाली. ‘पासार मालाम तोंग तोंग’, म्हणजे तोंग तोंगचा रात्रीचा बाजार. तोंग तोंग हा पोकळ लाकडाचा, गावाला हाक देणारा नगारा. त्याली रॉबिन्सन या नावाने लिहिणारे लेखक यान बून हे तिच्या प्रवर्तकांपैकी एक. आपल्या लोकांनी बटाट्यात विरघळून जाऊ नये, यासाठी त्यांनी लेखणी झिजविली. 1974 मध्ये ते हेगमध्ये वारले. रक्षा मात्र जाकार्ताजवळच्या समुद्रात सोडण्यात आली.

ज्यांना परतीची वाट कायद्यानेच बंद झाली अशांचीही एक पंगत आहे. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या कारकिर्दीत अनेक तरुण शिक्षणासाठी वा कामानिमित्त परदेशी गेले होते. 30 सप्टेंबर 1965 च्या रात्रीच्या उठावानंतर सत्तापालट झाला, देशात किमान पाच लाख माणसे मारली गेली आणि बाहेर असलेल्या कित्येकांची पारपत्रे डाव्या विचारांच्या संशयावरून रद्द झाली. हे लोक देशोदेशी भटकले. बरेच जण हॉलंडात, काही पॅरिसला स्थिरावले. त्यांतील काहींनी 1982 मध्ये पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावर सहकारी तत्त्वावर ‘रेस्टोराँ अँदोनेझी’ नावाचे उपाहारगृह उघडले. पत्रकार आणि लेखक तेथे भांडी घाशीत आणि सांबाल वाटीत. लैला चुदोरी या लेखिकेने 2012 मध्ये ‘पुलांग’, म्हणजे ‘परतणे’, ही कादंबरी अशाच निर्वासितांवर लिहिली. तिचा नायक पॅरिसच्या घरात लवंगा आणि हळद यांनी भरलेल्या बरण्या ठेवतो, त्या हुंगण्यासाठी. 2023 मध्ये इंडोनेशियन सरकारने 1965 च्या अत्याचारांची कबुली दिली आणि त्याच वर्षी मंत्री आम्सटरडॅमला येऊन उरलेल्या वृद्धांना भेटले. तोवर बहुतेकांच्या बरण्या रिकाम्या झाल्या होत्या.

इंडोनेशियन भाषेत ‘रासा’ असा शब्द आहे. तो आपलाच ‘रस’. त्याचा अर्थ चव असाही होतो आणि भावना असाही. एम. ए. च्या वर्गात रससिद्धान्त शिकताना भरतमुनींचा दृष्टान्त आम्ही पाठ केला होता: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा जसा रस आस्वादितो, तसा प्रेक्षक नाट्यातील स्थायी भाव आस्वादितो. परीक्षेत त्यावर गुण मिळविले. अर्थ त्या तोकोत बसून कळला. त्या वृद्ध बाईंना जे हवे होते ते भाताचे शीत नव्हते. दाराला टॉवेल लावून बसलेली आई त्यांना हवी होती, आणि तिच्यापर्यंत जाणारी वाट आता जिभेवरूनच उरली होती.

माझे लक्ष वारंवार मुलीकडे जात होते. तिला कोणी हाकलले नाही. तिच्या पारपत्रावर कोणी शिक्का मारून दार बंद केले नाही. ती स्वखुशीने गेली आहे. गोव्यातील किती घरांत आज हीच स्थिती आहे हे वाचकांना ठाऊकच आहे. कोणी लिस्बनच्या कागदांची खटपट करतो, कोणी लंडनला पोहोचलाही आहे. त्यांच्या पेट्यांत आपण सोलां, पापड, लोणची भरून देतो. स्वखुशीने गेलेल्यांना रुखरुख नसते असे आपण धरून चालतो. मी तिला विचारले, “तू या दुकानात नेहमी येतेस?” ती म्हणाली, “दर पंधरवड्याला.”

निघताना तिने गुळाची ती करवंटी घेतली आणि थंड पेटीतून एक पुडके काढले. त्यात हळदीची पाने होती. सुमात्राच्या रेंदांग या पदार्थाला ती लागतात म्हणून तेथे बारा महिने ठेवतात. आपल्याकडे श्रावण उजाडल्याशिवाय हळदीचे पान दिसत नाही. तेथे मे महिन्यात ते गोठवलेले मिळाले. डेल्फ्टच्या तिसऱ्या मजल्यावर, बाहेर बारीक पाऊस पडत असताना, मायलेकींनी त्या रात्री पातोळ्या उकडल्या. पाने थोडी मऊ पडली होती आणि गुळाला आपल्या गुळासारखा धूर नव्हता. मुलीने पहिली पातोळी उलगडली, पान नाकाशी धरले आणि बराच वेळ काही बोलली नाही. पत्नीने दुसरी तिच्या ताटात वाढली.