पाच आकडे, एक लाल किनार

६२, २, २११, २५४, २०१. झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाच्या मेमरीत ३२७६८ या पत्त्यापासून हे पाच आकडे ओळीनं भरायचे, मग ‘रँडमाइझ यूएसआर ३२७६८’ अशी आज्ञा द्यायची. पडद्याभोवतीची पांढरी किनार क्षणात लाल होते. पहिले दोन आकडे प्रोसेसरच्या ‘ए’ या कप्प्यात २, म्हणजे लाल रंगाचा क्रमांक, ठेवतात. पुढचे दोन तो २५४ क्रमांकाच्या पोर्टवर धाडतात. शेवटचा आकडा बेसिककडे परत नेतो. मध्ये कोणी मध्यस्थ नाही.

नागपुरात इंजिनिअरिंग केलेल्या अनेकांना हे आकडे हेक्समध्ये लगेच ओळखता येतील: ३ई, ०२, डी३, एफई, सी९. प्रयोगशाळेतल्या ८०८५च्या किटवर हेच कोड दाबत आमची पिढी असेंब्ली शिकली. स्पेक्ट्रममधला प्रोसेसर, झिलॉगचा झेड८०, १९७६ साली आला तो इंटेलच्या ८०८०चे कोड समजणारा. ८०८५ही त्याच घराण्यातला. त्यामुळे हे पाच बाइट दोघांनाही कळतात.

सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम १९८२चा. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए, १६ किलोबाइट रॉम, ४८ किलोबाइट रॅम. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम+’ नावानं विकला. कळमेश्वरच्या आमच्या घरी तो ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडलेला असे. तरी रंग वेगळे कळत, कारण त्यांचे क्रमांकच उजेडाच्या चढत्या क्रमानं लावलेत: काळा, निळा, लाल, राणी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. लाल म्हणजे करड्याची तिसरी पायरी. उन्हाळ्यात भरदुपारी लाइन जायची आणि रॅममधलं सगळं पुसलं जायचं. लाइन आली की पुन्हा कॅसेट लावायची आणि किनारीवर सरकणारे पट्टे बघत बसायचं.

आता इतक्या वर्षांनी तेच यंत्र रंगीत टीव्हीला जोडून पुन्हा असेंब्ली लिहितो आहे. मधली वर्षं मोठमोठ्या सॉफ्टवेअरच्या कामात गेली. तिथं काही अडलं, की कारण कुठल्या थरात दडलंय हे शोधण्याआधीच कोणी तरी सर्व्हर बंद करून सुरू करतं आणि गाडी पुढे जाते. काम भागतं, मन भागत नाही.

परवा भाची शेजारी येऊन बसली. लाल किनार बघून हरखली आणि तिनं हौसेनं एक बटण दाबलं. टिक् असा बारीक आवाज आला आणि किनार पुन्हा पांढरी झाली.

“मामाजी, लाल कुठं गेला?”

मग आम्ही रॉम वाचायला घेतला. इयन लोगन आणि फ्रँक ओ’हारा यांनी या रॉममधली सूचना न् सूचना उलगडून १९८३ मध्ये पुस्तकच काढलंय. बोट ठेवत ठेवत गेलो तसं कोडं सुटलं. बटणाचा टिक् आवाजही २५४ याच पोर्टवरून निघतो. तिथं पाठवलेल्या बाइटमधले खालचे तीन बिट किनारीचा रंग ठरवतात, पाचवा बिट स्पीकर हलवतो. आवाज काढताना रॉम आपल्या नोंदीतला रंग सोबत पाठवतो, आणि ही नोंद २३६२४ या पत्त्यावर असते. आम्ही किनार रंगवली होती, पण नोंदीत अजून पांढराच होता.

आमच्या कोडमध्ये आणखी पाच बाइट घातले: ६२, २३, ५०, ७२, ९२. म्हणजे ‘ए’मध्ये २३ घे आणि २३६२४वर ठेव. आता कितीही बटणं दाबा, लाल हलत नाही. “पण २३च का?” भाचीनं विचारलं. लालाचा २ आठपट करून १६, आणि खालच्या ओळींतली अक्षरं लालवर पांढरी उठून दिसावीत म्हणून त्यात ७. याचंही उत्तर रॉममध्येच होतं.

या यंत्राकडे मला परत आणलं ते या गोष्टीनं. ६५५३६ पत्त्यांच्या या जगात प्रत्येक ‘का’चं उत्तर हात पोचेल इतक्या अंतरावर असतं, आणि ते पुरतं मिळतं. संगणक शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती तळापर्यंत वाचता येईल असं एक यंत्र एकदा तरी यावं. ज्यानं एका ‘का’चा असा शेवटपर्यंत माग काढला, तो पुढे कितीही मोठ्या यंत्रासमोर बसला तरी ‘असंच असतं’ या उत्तरावर उठणार नाही.