मास्टर विठ्ठल यांची तलवार

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या नाट्यगृहाला संत एकनाथांचं नाव आहे आणि ते शोभून दिसतं. नाथांची भारुडं नुसती म्हणायची नसतात, सोंग घेऊन उभी करायची असतात. भारुडकरी वाघ्या होतो, जोशी होतो, विंचू चावलेली बाई होतो; शब्द कानावर पडण्याआधीच त्याची चाल आणि खांद्याचा कल अर्धी गोष्ट सांगून टाकतात. ज्या मुलखात ही परंपरा आहे, तिथल्या लोकांनी तरी नटाला केवळ वाणीवरून जोखू नये. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच केलं, आणि त्यात मास्टर विठ्ठल यांच्यावर मोठा अन्याय झाला.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 1924 मधल्या ‘कल्याण खजिना’त ते नर्तकी म्हणून पडद्यावर आले. दोनच वर्षांनी, मुंबईच्या शारदा कंपनीच्या ‘रतन मंजिरी’त ते नायक होते. तलवारबाजी, झेपा, पाठलाग यांच्या जोरावर लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. मग 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ लागला. भारतातल्या या पहिल्या बोलपटाचे नायक विठ्ठलच होते, पण हा नायक बराच वेळ गुंगीत दाखवला होता. त्याचं हिंदुस्थानी बोलणं कच्चं, म्हणून ही तोड काढली, असं सांगतात. तेव्हापासून एक निकाल पक्का झाला: बोलता येईना, म्हणून विठ्ठल संपले.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की उड्या मारणं ही कसरत झाली, अभिनय नव्हे. पण मूकपटातली तलवारबाजी जरा जवळून पाहावी. पातं समोरच्याच्या अंगापासून वीतभर दूर थांबलं पाहिजे, तरी वार बसल्यासारखा वाटला पाहिजे. खणखणाट ऐकू येणार नाही, म्हणून लागलेला घाव समोरच्याच्या कोसळण्यातून आणि मारणाऱ्याच्या थबकण्यातून कळायला हवा. कॅमेरा हाताने फिरवला जायचा. तो हळू फिरला तर पडद्यावर सगळी घाई दिसणार, हे धरून नटाला आपली लय राखावी लागे. शत्रूला भिऊन मागे सरणं आणि डाव म्हणून मागे सरणं, हा फरक फक्त पावलांनी दाखवायचा. याला अभिनय म्हणायचं नाही, तर 1917 च्या ‘लंकादहना’त एकाच देहातून राम आणि सीता दोन्ही उभे करणाऱ्या अण्णा साळुंके यांना काय म्हणणार? त्याच चित्रपटात मारुती झालेल्या गणपत शिंदे यांना काय म्हणणार? हॉलीवूडमध्ये रे कॉरिगन हा काउबॉयपटांचा नायक केसाळ पोशाख चढवून गोरिलाही व्हायचा. तिथे चेहरा आणि वाणी दोन्ही झाकलेली. उरे ती फक्त हालचाल, आणि जनावर खरं वाटायचं ते तिच्यामुळेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या काळातले बहुतेक मूकपट नष्ट झाले, ‘आलम आरा’चीही प्रत उरली नाही, मग हे कौतुक कशाच्या आधारावर? आधार आहे तो त्या काळच्या व्यवहाराचा. विठ्ठल शारदा सोडून सागर कंपनीकडे निघाले तेव्हा शारदाने त्यांना कोर्टात खेचलं, आणि त्यांची बाजू मांडायला महंमद अली जिना उभे राहिले. नुसत्या कसरतपटूसाठी कंपन्या असा झगडा करत नाहीत. आणि बोलपटाने त्यांना संपवलं म्हणावं, तर 1933 मध्ये ‘आवारा शहजादा’ दिग्दर्शित करून त्यांनी शाहू मोडकांकडून दुहेरी भूमिका करून घेतली, आणि 1934 मध्ये मराठी ‘छत्रपती संभाजी’त ते स्वतः उतरले. नवख्या भाषेत अडखळलेला हा नट मायबोलीतल्या बोलपटात पुन्हा उभा राहिला. एवढ्या कारकिर्दीचा निकाल आपण एका चित्रपटातल्या गुंगीवर लावत आलो, हे मला मान्य नाही.