सावंतवाडीची मूठ

मे महिन्यात सावंतवाडीला निघाले, तेव्हा पर्समध्ये एक विचित्र वस्तू टाकली होती. सरबताच्या पिंपाच्या नळाची चावी! आमच्याकडे अमृतकोकम घरीच होतं आणि आल्यागेल्याला पेला भरून देण्याचा मान सासूबाईंचा. पण यंदा संधिवातानं त्यांची बोटं आखडली. ती इवलीशी चावी काही फिरेना. "आता तूच देत जा गं," म्हणाल्या आणि मलाच कसंसं झालं.

मोती तलाव पाहून चितारआळीत शिरले. दुकानांतून लाकडी फळं, भातुकली, रंगीत पाट मांडलेले. एका कारागिरानं चावी उलटसुलट पाहिली नि विचारलं, "आजींना काय नीट धरता येतं?"

"लाटणं!" मी म्हटलं.

मग त्यांनी लाटण्याच्या जाडीची आडवी मूठ कातली. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि रंग चढतो. बघता बघता मूठ आमसुली झाली!

मैत्रिणींनो, अशी मूठ करवायची तर जुनी चावी मापाला न्या. लाकूड चांगलं सुकलेलं हवं, नाहीतर मागाहून तडकतं. पिंप घासताना मूठ काढून ठेवा. भिजवू नका, ओलसर फडक्यानं पुसा.

घरी आल्यावर सासूबाईंनी मूठ फिरवली. पहिला पेला भरला, तो माझ्या हाती दिला.