ब्रेक शू आणि एक सही

महूला पोस्टिंग आलं तेव्हा आमच्या सामानाच्या ट्रकमागे आणखी एक छोटा ट्रक आला. त्यात सासऱ्यांची १९६५ सालची महिंद्रा विलीज जीप होती. तासगावच्या द्राक्षबागेत तिने आयुष्यभर औषधाचे डबे आणि क्रेट वाहिले, मग दहा वर्षं शेडमध्ये धूळ खाल्ली. पन्नास वर्षांच्या वरची असल्याने सरकारी नियमाप्रमाणे ती आता ‘व्हिंटेज’. सौ.च्या मते भंगार.

इंजिन लवकरच सुरू झालं. ब्रेक मात्र पेडल तीन वेळा मारल्याशिवाय लागेनात. छावणीबाहेर ईएमईमधून निवृत्त झालेल्या एका हवालदारसाहेबांचं छोटं गॅरेज आहे. मी त्यांना उस्ताद म्हणतो. खडकवासल्याला एनडीएत असताना ड्रिलच्या उस्तादांनी शिकवलेलं विसरता येत नाही, तसंच यांचंही. म्हटलं, “उस्ताद, शू मी स्वतः बदलणार. तुम्ही फक्त बघा.” ते हसले आणि स्टूल ओढून बसले.

खरं सांगायचं तर यामागे थोडी बोचणीही होती. वीसेक वर्षं मी गाड्यांच्या तपासणीच्या कागदांवर सह्या करत आलो. ब्रेकच्या रकान्यापुढे कुणीतरी ‘ठीक’ लिहिलेलं असायचं. त्या गाडीखाली मी स्वतः कधी झोपलो नव्हतो.

सुरुवातच फजितीने झाली. पुढच्या डाव्या चाकाचा नट काही केल्या सुटेना. पान्यावर उभा राहिलो तरी नाही. पाच मिनिटांनी उस्ताद म्हणाले, “साहब, आप टाइट कर रहे हो.” या जुन्या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. शेजारी बसलेल्या माझ्या नववीतल्या मुलीने हसू दाबायचाही प्रयत्न केला नाही.

ड्रम निघाल्यावर रोग दिसला. लायनर झिजून रिव्हेट वर आले होते आणि व्हील सिलिंडर पाझरत होता. आतली काळी धूळ फुंकायला मी वाकलो, तर उस्तादांनी खांदा धरून मागे ओढलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाता कामा नये. ओल्या फडक्याने सगळं पुसलं, सिलिंडरचे रबर बदलले, नवे शू बसवले, स्प्रिंगा ताणून अडकवल्या. त्यात एक बोटही सोलून घेतलं. अशी चार चाकं. दोन रविवार गेले.

मग नळ्यांमधली हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. मुलगी पेडलवर, मी गाडीखाली. “दाब.” “दाबला.” मी निप्पल सैल करायचो, बुडबुडे यायचे, निप्पल बंद. “सोड.” “सोडला.” मधेच तिने विचारलं, “बाबा, तुम्ही सांगायच्या आधीच सोडला तर?” म्हटलं, “तर हवा परत आत जाईल आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.” त्यानंतर तिचा पाय हलला नाही.

संध्याकाळी मोकळ्या मैदानात चाचणी घेतली. पेडल कडक, गाडी थांबत होती. फक्त जोरात दाबलं की थोडी उजवीकडे ओढत होती. पुढच्या रविवारी महेश्वरला जायचं ठरलं होतं. मी म्हणालो, “नवे शू आहेत, चालवल्यावर बसतील.”

उस्ताद शांतपणे म्हणाले, “साहब, इस गाडी के कागज पे साइन करोगे?”

आणि मला वेगळाच एक डोंगर आठवला. मी कॅप्टन होतो. पहाटे कॉन्व्हॉय निघायच्या बेतात असताना माझा ड्रायव्हर म्हणाला होता, “साहब, पेडल थोडा नरम है.” मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, “शाम को देखेंगे.” त्याने “जी साहब” म्हटलं आणि ती गाडी खालच्या गिअरवर, इंजिनच्या जोरावर, शब्द न काढता खाली आणली. उतरल्यावर त्याचा शर्ट घामाने भिजलेला होता, आणि थंडीचे दिवस होते. काही झालं नाही, म्हणून मी ते विसरलो. त्याने विसरावं असं ते नव्हतं. मी त्याची माफीही कधी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी पुढची दोन्ही चाकं पुन्हा उघडली. डावीकडे चूक सापडली. या ब्रेकमध्ये चाक पुढे फिरताना ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो आणि मागच्याला ढकलतो. जास्त काम पुढचा शू करतो, म्हणून त्याचा लायनर लांब. मी डाव्या चाकात लांब शू मागे आणि आखूड पुढे बसवला होता. डावं चाक कमी धरत होतं, म्हणून गाडी उजवीकडे जात होती. घाटात उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रककडे. आणि मी मागे बायको-मुलीला बसवून निघणार होतो.

महूहून महेश्वरच्या वाटेवर अहिल्याबाईंनी बांधलेला जाम दरवाजा लागतो. तिथून विंध्याचा कडा एकदम निमाडात उतरतो. त्या उतारावर आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला अधूनमधून विश्रांती देत खाली आलो. उस्तादांनी सांगितलं होतं, खाली पोचल्यावर चारी ड्रमजवळ हात नेऊन बघा. एखादा फार गरम किंवा अगदी गार असेल तर परत या.

मी उतरायच्या आत मुलगी जीपभोवती फिरून आली.

“बाबा, पुढचे दोन्ही सारखे गरम. मागचे दोन्ही थोडे कमी, पण तेही सारखेच.”

तरी मी चारही चाकांजवळ स्वतः हात नेऊन बघितला. मग नर्मदेकडे निघालो. त्या ड्रायव्हरचा पत्ता मात्र आता जुन्या युनिटकडून मागवला आहे.

जय हिंद!