एक जूनवाले

दाखल्यावर 'जन्मतारीख 1 जून' दिसलं की मला हसू यायचं, आणि हसू ओसरलं की राग. मी बाजारकुणंगचा. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात मराठी शाळांवर मास्तरकी केली. फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा दिनविशेष लिहायचं काम मी हौसेने अंगावर घेतलेलं, त्यामुळे तारखांच्या बाबतीत कडक होतो. थोरामोठ्यांच्या जन्ममृत्यूत एका दिवसाचा फरक खपवून घेत नसे. आणि त्याच वर्गाचं दाखल रजिस्टर उघडावं, तर निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मलेली!

तसा हा दिवस फळ्यावर मोठा दिमाखाचा. 1929 साली याच तारखेला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, 1930 साली डेक्कन क्वीन धावली, 1948 साली पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी. गो. नी. दांडेकर गेले ते 1 जून 1998 ला. आम्हा कर्नाटकातल्यांसाठी 1996 चा 1 जून दुहेरी: एच. डी. देवेगौडांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी माजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी बंगळुरात वारले. माझी लाडकी नोंद मात्र 1842 ची, सत्येंद्रनाथ टागोरांच्या जन्माची. आयसीएस झालेला हा पहिला हिंदी माणूस आमच्याच जिल्ह्यात, कारवारला न्यायाधीश होता. धाकटे रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले आणि 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी तिथेच लिहिलं. अशा यादीखाली आमच्या पोरांचा 1 जून म्हणजे मला निव्वळ भेसळ वाटायची. ज्या मास्तरांनी तो लिहिला, त्यांना मी मनातल्या मनात आळशी म्हणत आलो.

ही तारीख यायची कशी, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पोराला घेऊन आई-बाप येत. मास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगत. बोटं डाव्या कानाला लागली की सहा वर्षं पुरी झाली. मग जन्म केव्हाचा? 'भात कापायला लागलो होतो तेव्हा.' 'शिमगा व्हायचा होता.' थोरल्यांची उत्तरं आणखी लांबची: 'गोवा सुटला त्या साली.' 'सुपा गाव धरणाखाली गेलं त्याच्या आधी.' एवढ्यावरून रजिस्टरचा रकाना भरायचा नाही. मास्तर चालू वर्षातून सहा वजा करत आणि शाळा उघडायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो. पण बाळंतपण घरी, दोन वस्त्यांमध्ये जंगल, आणि मूल पावसाळ्यात झालं तर ओहोळ भरलेले. बाळंतिणीला टाकून नोंदीसाठी कोण निघणार? आणि वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा.

हे सगळं माहीत असूनही माझं मत तसंच होतं. ते हललं एका पितृपंधरवड्यात, घरच्या म्हाळाच्या वेळी. आमचे एक चुलत आजोबा गोव्यात कामाला गेले आणि तिकडेच वारले. निरोप पोचला तो फार उशिरा, तिथीशिवाय. त्यांचं पान दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला वाढलं जातं. तिथीच माहीत नाही तर हा दिवस खरा कशावरून, असं मी काकीला सहज विचारलं. ती म्हणाली, "तिथी कळली नाही म्हणून घास घालायचाच नाही का?" आणि वडे तळायला निघून गेली.

मी मात्र तिथेच अडकलो. ज्यांची तिथी हरवली त्यांच्यासाठी आपल्या लोकांनी एक सामाईक दिवस राखून ठेवला आहे, आणि त्याला आजवर कुणी खोटा म्हटलेलं नाही. ज्यांची जन्मतारीख हरवली त्यांच्यासाठी मास्तरांनी तेच केलं. शुभाशुभ पाळणाऱ्यांना ही तुलना रुचणार नाही, पण मला तरी यापेक्षा नेमकं काही सुचत नाही. एक गंमतही लक्षात आली. पोराचा जन्म 'कापणीच्या वेळचा' म्हणून सांगणारी घरं आजोबांची तिथी बिनचूक सांगतात, कारण श्राद्धाला ती लागते. जन्माची तारीख शाळा येईपर्यंत कुणाला लागतच नव्हती.

शिवाय फळ्यावरच्या तारखा तरी कुठे आकाशातून पडल्या? शिवजन्माची तिथी वैशाख शुद्ध द्वितीया की फाल्गुन वद्य तृतीया, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. शेवटी महाराष्ट्र सरकारने 19 फेब्रुवारी नक्की केली. तिकडे विद्वानांची समिती बसली, इकडे एकटा मास्तर बसला. मी एकाला मान देत होतो आणि दुसऱ्याला हसत होतो.

आता मी 1 जून ही खरी तारीख मानतो. जन्माची नव्हे, सरकारदरबारी माणूस पहिल्यांदा मोजला गेल्याची. सरकारचा हिशेबही तिथेच येऊन थांबतो. पहिलीला 1 जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत असा आदेश कर्नाटकाने 2022 मध्ये काढला. 2025-26 ला तो लागू व्हायची वेळ आली तेव्हा पालकांनी ओरड केली आणि त्या वर्षापुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत मिळाली. सरकारी नोकरीत तर महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून आमचे एक जूनवाले 31 मेला हारतुरे घेऊन घरी जातात, पुष्कळदा एकाच मांडवातून.

एका बाबतीत मी अजून जुनाच आहे. दिवस-महिना सामाईक चालेल, साल चालणार नाही. पोरगी दोन वर्षांनी मोठी दाखवली की तिचं लग्न दोन वर्षं आधी उरकतं. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना सुटका नाही. नोंदणी कायद्याच्या नव्या दुरुस्तीनुसार त्यांच्या शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच लागणार. तेव्हा नव्या बाळाची नोंद 21 दिवसांत कराच. या मुदतीत तिला पैसे पडत नाहीत.

आणि तुमच्या घरात कुणी एक जूनवाले असतील, तर त्यांच्या आईला, आत्याला विचारून ठेवा: तेव्हा शेतात काय चाललं होतं, पाऊस होता का, गावात काय घडलं होतं. सांगतील ते वहीत उतरवा. हे सांगू शकणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत.