घारापुरीची सावली

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या मध्यें शेलू हें आमचें लहानसें स्टेशन लागतें. वैशाखांतलें ऊन कसें असतें, हें कोणीं आम्हांस शिकवावें असें नाहीं. सह्याद्रीचा काळा पत्थर दिवसभर तापतो आणि रात्रीं उशिरापर्यंत ती धग परत देत राहतो. परंतु उन्हाशीं आपली जुनी ओळख आहे, हा आमचा अभिमान समुद्रकांठीं घटकाभरांत कसा गळून पडला, ती हकीकत वाचकांपुढें मांडावीशी वाटते. कारण सुटी लागली कीं आपणांपैकीं पुष्कळ कुटुंबें मुलांमाणसांसह घारापुरीस जातात.

आमच्या आत्याबाईंचें वय पंचाहत्तरीच्या घरांत. घारापुरीचा महादेव एकदां डोळ्यांनीं पाहावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. गेल्या मे महिन्यांत तो योग आला. पहांटेच्या गाडीनें निघून सकाळच्या पहिल्या लाँचेंत बसावयाचें, असा बेत होता. परंतु एकत्र कुटुंबांतील आठ माणसांचें निघणें तें! दशम्यांचे डबे, मुलांच्या टोप्या, विसरलेली छत्री, असें करतां करतां दोन गाड्या चुकल्या आणि गेटवे ऑफ इंडियापाशीं पोहोंचावयास अकरा वाजून गेले.

तेथून घारापुरी सुमारें दहा किलोमीटर. लाँचेस एक तास लागतो. समुद्रावरील वारा लागतांच मंडळी खुलली. फसगत होते ती येथेंच. वारा घाम जागच्या जागीं वाळवितो, त्यामुळें अंगांतून पाणी जात आहे हें कळत नाहीं. आणि डोक्यावर छत असलें तरी पाण्यावरून परतणारें ऊन बाजूनें येतच असतें. त्या तासाभरांत पाणी मागितलें तें फक्त मुलांनीं.

उतरलों तेव्हां साडेबारा होत आले होते. जहाजें व लाँचा लागण्याच्या जागा सर्वत्र उघड्याच असतात. दोरखंड, सामान आणि माणसें यांच्या वर्दळीस मोकळी जागा हवी, आणि समुद्रांत बांधलेल्या धक्क्यावर झाड कोठून येणार? मोठमोठ्या जहाजांतून जगाची सफर करणारे प्रवासीही मुंबई बंदरांत उतरले कीं याच वाटेनें हीं लेणीं पाहावयास येतात. त्यांनाही तेंच ऊन. त्यांत मे महिन्याच्या मध्यास सूर्य मुंबईच्या अगदीं माथ्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशींच नाहींशी होते. भिंतीच्या कडेनें चालावें तर भिंतीलाही सावली नाहीं. आम्हीं छत्री उघडली, ती वाऱ्यानें एका झटक्यांत उलटी केली. धक्क्यावरून पायऱ्यांकडे नेणारी छोटी आगगाडी आहे; पण तिच्यासाठीं थांबावयाचें तेंही उन्हांत. "अरे, शेलूच्या बांधावर जन्म गेला माझा, चला पायींच," असें आत्याबाई म्हणाल्या, आणि आम्हीं ऐकलें.

पायऱ्यांपाशीं पोहोंचतांच त्या मटकन खालीं बसल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर थंड घाम. तेथील दुकानांवर ताडपत्र्या ताणलेल्या असतात. एका दुकानदार बाईनें आपल्या टोपल्या बाजूस सारून आत्याबाईंस निजण्यापुरती जागा करून दिली. आम्हीं त्यांचे पाय पिशव्यांवर उंच ठेवले, ओल्या पंचानें मान व हात पुसले, आणि त्या नीट बोलत आहेत हें पाहून साखर व चिमूटभर मीठ घातलेलें पाणी घोटघोट दिलें. तेव्हां वहिनी हलकेंच मला म्हणाल्या, "भावजी, सकाळपासून आत्याबाईंनीं पाण्याचा थेंब घेतलेला नाहीं. वाटेंत सोय असेल नसेल, म्हणून. मीही घेतलेलं नाहीं."

तें ऐकून मी खजील झालों. टोप्या मोजल्या, डबे मोजले. पण उपनगरी गाडींत शौचाची सोय नसते, मग उतरल्यावर बायकांनीं जावें कोठें, याची चौकशी आम्हां पुरुषांपैकीं एकानेंही केली नव्हती. घरोघर बायका प्रवासाच्या दिवशीं अशाच कोरड्या राहतात, आणि आपण त्यास सोशिकपणा म्हणून मोकळे होतों.

अर्ध्या तासानें त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी परत फिरण्याची गोष्ट काढली. "इथवर आणलंस आणि दारांतून माघारीं नेतोस होय?" त्यांनीं विचारलें. शेवटीं डोलीची खुर्ची ठरविली. सुमारें एकशेंवीस पायऱ्या चढून आम्ही मुख्य लेण्यांत शिरलों, आणि अंगावरून कोणीं ओलें वस्त्र फिरवावें तसा गारवा लागला.

हाही तोच काळा पत्थर, शेलूच्या डोंगरांचा भाईबंद. बाहेर तो पाय भाजतो; आंत त्याचेंच जाड छप्पर उन्हास अडवून धरतें. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेण्याचें मुख्य दार उत्तरेस असून पूर्व-पश्चिमेसही तें मोकळें आहे. त्यामुळें वारा खेळतो. सुमारें वीस फूट उंचीच्या त्या त्रिमुख महादेवासमोर आत्याबाई बराच वेळ स्वस्थ बसल्या. 1987 सालीं या लेण्यांची गणना जागतिक वारशांत झाली. त्यांच्या लेखीं मात्र तो महादेव आणि ती सावली एवढेंच पुरेसें होतें.

जाणारांसाठीं दोन शब्द. सोमवारीं लेणीं बंद असतात. पहिल्या लाँचेनें जावें आणि माध्यान्ह लेण्यांत काढावी. छत्रीपेक्षां ओला पंचा किंवा रुंद कांठाची टोपी बरी. पन्हें, ताक, कोकमचें सरबत तहान लागण्यापूर्वींच घ्यावें. भोंवळ आलेला मनुष्य असंबद्ध बोलूं लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तोंडांत पाणी न घालतां अंग भिजवून वारा घालावा आणि विलंब न करतां डॉक्टर गांठावा.

आणि आणखी एक. आतां आमच्या घरीं कोठेंही जाण्याचें ठरलें कीं वाटेंत बायकांची सोय कोठकोठें आहे, हें मी आधीं विचारून ठेवतों आणि सर्वांसमक्ष सांगतों. प्रथम सर्वांनाच अवघड वाटलें. आत्याबाई तर पदर तोंडाला लावून हंसल्या. पण परवां कर्जतला जातांना गाडी सुटण्यापूर्वीं त्यांनीं आपणहून पाण्याचा तांब्या मागितला.